गणिताच्या वहीवर दया दाखवू नका

जून उजाडला, दादरच्या छबिलदास गल्लीत कंपासपेट्या आणि वह्यांसाठी झुंबड उडाली, की पाठोपाठ पालकसभा येतात. नववी-दहावीचे गणिताचे शिक्षक उभे राहतात आणि वर्षाची रीत सांगतात. बीजगणित आणि भूमितीच्या वह्या वेगळ्या. रोज पाच गणितं घरून. नुसतं उत्तर चालणार नाही, पायऱ्या हव्यात. चुकलेलं गणित खोडायचं नाही, एक रेघ मारून खाली पुन्हा सोडवायचं. शनिवारी चाचणी. शिक्षक खाली बसायच्या आत मागच्या रांगेतून हात वर होतो. "सर, एवढं कशाला? मुलांना आधीच किती ताण आहे!" सगळे माना डोलावतात, मुख्याध्यापक सावधपणे हसतात, आणि चहा येईपर्यंत पाचाची तीन गणितं झालेली असतात. शनिवारची चाचणी 'जमेल तशी' घ्यायचं ठरतं. ती नंतर कधीच जमत नाही.

परळ-लालबागच्या पट्ट्यात मी आयुष्यभर हाच विषय शिकवला. त्यामुळे मागच्या रांगेतल्या त्या हाताचा मला जुना राग आहे, आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

त्या हाताचं म्हणणं मात्र नीट मांडतो, नाहीतर म्हणतील म्हाताऱ्याने सोयीचं तेवढंच ऐकलं. म्हणणं असं: गणिताची रोजची सक्ती हा जुन्या मास्तरकीचा अवशेष आहे. पाढे म्हणजे पोपटपंची, पायऱ्या म्हणजे कारकुनी, गृहपाठ म्हणजे घरावर अतिक्रमण. ज्यांना इंजिनिअर व्हायचं आहे त्यांच्यासाठी क्लास आहेत. ज्यांना व्हायचं नाही, त्यांना वर्गसमीकरण आयुष्यात पुन्हा भेटणार नाही. आकडेमोड मोबाइल करतो. काहींना गणिताचं डोकंच नसतं, त्यांना कशाला रडवायचं? आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाकडून रोजच्या गृहपाठाची अपेक्षा ठेवणं हा तर उघड अन्याय. हे सगळं अर्थातच मुलांवरच्या प्रेमापोटी.

आधी ताण बघू. नववीच्या वर्गात भागाकार न येणारी मुलं बसलेली असतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. ती तिथवर कशी आली? २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. त्याच कायद्याने वर्षभर सातत्याने मूल्यमापन करायलाही सांगितलं होतं, म्हणजे मूल कुठे अडलं ते रोजच्या रोज बघा आणि तिथेच सोडवा. समाजाने यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली खरी, पण मधल्या वर्षांत काय झालं? ज्या मुलाची वही तिसरीपासून कोणी नीट बघितली नाही, त्याच्यासमोर नववीत एकदम वास्तव संख्या येऊन उभ्या राहिल्या. त्याला ताण येणारच. तो गृहपाठाने आलेला नाही, न झालेल्या गृहपाठाने आलेला आहे. रोज पाच गणितं करणाऱ्या मुलीला फेब्रुवारीत झोप लागते. जानेवारीत '२१ अपेक्षित' प्रश्नसंच उघडून बसलेल्या मुलाला ती लागत नाही. मग दया कोणावर करायची, आणि कधी? फेब्रुवारीत डोळे पुसण्यापेक्षा जूनमध्ये वही तपासणं स्वस्त पडतं.

आणि रोजच्या सरावाचं एवढं वावडं आपल्याला खरंच आहे का? गणपतीच्या कितीतरी आठवडे आधी गिरगावात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. कामावरून, कॉलेजातून आलेली पोरं संध्याकाळी कमरेला ढोल बांधून तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवतात. हात सोलवटतात, चुकलं की पथकप्रमुख सगळ्यांसमोर सुनावतो, तीनदा दांडी मारली की मिरवणुकीतून नाव कापतो. तिथे एकही पालक जाऊन म्हणत नाही की मुलांना ठेका आतून उमलू द्या, पाठ करायला लावू नका. उलट मोबाइलवर चित्रण करून नातेवाइकांना पाठवतो. टोल्याला शिस्त चालते, समीकरणाला मात्र ती क्रूर वाटते.

आता पोपटपंची. हा आरोप ऐकायला फार आधुनिक वाटतो. पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे परत आणा असं मी म्हणत नाही, आणि कोणी शहाणा म्हणणारही नाही. वीसपर्यंतचे पाढे मात्र हवेत, आणि त्याचं कारण साधं आहे. दहावीच्या वर्गसमीकरणात ४२ चे असे दोन अवयव शोधायचे असतात, ज्यांची बेरीज १३ येते. सहा सात बेचाळीस ज्याच्या कानात आहे, त्याचं लक्ष समीकरणाकडे राहतं. ज्याच्या कानात नाही, तो बोटं मोजू लागतो, आणि बोटं मोजून होईपर्यंत आपण काय शोधत होतो हेच विसरतो. समज हवी म्हणता ना? मग समजायला डोक्यात जागा मोकळी हवी. ती जागा पाढ्यांनी मोकळी होते.

पायऱ्यांचंही तेच. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज, असं दर वर्षी अर्धा वर्ग लिहितो. उत्तर चूक एवढं सांगून काय होणार? पण पायरी वहीत दिसली तर शिक्षक तिथे बोट ठेवून सांगतो: ३ आणि ४ घालून बघ. बेरजेचा वर्ग ४९, वर्गांची बेरीज २५. उरलेले २४ कुठे गेले? त्या २४ चा माग काढताना मूल जे शिकतं, ते कुठल्याही चित्रफितीतून शिकत नाही. म्हणून खोडायचं नाही असा नियम. खोडलेल्या चुकीवर बोट ठेवता येत नाही. 'पक्ष, साध्य, सिद्धता' हे तीन शब्द लिहायला लावण्याला ज्यांनी कारकुनी म्हटलं, त्यांनी एकदा विचार करावा: आपल्याला काय ठाऊक आहे, काय दाखवायचं आहे आणि एकातून दुसरं कसं निघतं, हे वेगळं मांडण्याची सवय मराठी मुलाला शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला लागते? टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या तर ती मोठेपणीही लागलेली दिसत नाही.

सरावाने कल्पकता मरते, असंही म्हणतात. देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलात तर आधी ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. तिथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. फार तर सातव्या खेपेला प्रत्येक आकडा इथे येऊन थांबतो. आज ही संख्या जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. ती वजाबाकीचा कंटाळा असलेल्या माणसाला सापडली असती का? नववीच्या वर्गात हा खेळ मी अनेकदा घेतला. मुलं हट्टाने नवे आकडे घेत राहतात, आणि तासाभरात हातच्याच्या इतक्या वजाबाक्या करून मोकळी होतात की तेवढ्या गृहपाठाला दिल्या असत्या तर मागच्या रांगेतला हात पुन्हा वर गेला असता.

एक गंमत नोंदवून पुढे जातो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. विधानसभेपासून नाक्यापर्यंत विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात, म्हणून ही सोय. ते किती जणांनी ऐकून घेतलं? त्या गदारोळात भाग घेतलेल्या किती जणांनी त्या वर्षी स्वतःच्या मुलाची गणिताची वही उघडून बघितली, हेही विचारायला हवं होतं.

क्लासचा मुद्दा थोडक्यात. क्लास आहेतच, तर शाळेने कशाला शिस्त लावायची? हा युक्तिवाद करणाऱ्याकडे क्लासची फी असते. ज्याच्याकडे नसते तो सभेत बोलत नाही, कारण तो सभेला येतच नाही. त्याची पाळी असते. शाळेची अपेक्षा खाली आणा, की हिंदू कॉलनीतल्या मुलाचं काही बिघडत नाही, त्याची शनिवारची चाचणी क्लासमध्ये होतेच. बिघडतं ते काळाचौकीच्या पोराचं, ज्याच्या आयुष्यात शनिवारची चाचणी घेणारं दुसरं कोणी नाही.

म्हणून मला सगळ्यात जास्त चीड येते ती दहा बाय बाराच्या खोलीच्या युक्तिवादाची. तो गरिबाच्या बाजूने केल्यासारखा दिसतो. चाळीतली खोली, त्यात सहा माणसं, टीव्ही चालू, आई पोळ्या लाटते आहे, धाकटा रडतो आहे. तिथे मुलाने रोज गणितं कुठे बसून करायची? प्रश्न खरा आहे, परिस्थिती मी आतून बघितलेली आहे. उत्तर मात्र साफ खोटं आहे. जागा नाही म्हणून गृहपाठ रद्द, हे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. जागा नाही, तर जागा द्या. गिरणगावाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी असाच सोडवायला घेतला होता. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि परळच्या कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालयं उभी केली. पाळी करून आलेल्या माणसाला त्यांनी म्हटलं नाही की बाबा, तू दमलेला आहेस, तुला हिशेब नको. त्याला बाकं दिली, दिवा दिला आणि शिक्षक दिला. पुढे मंडळांनी, संस्थांनी अभ्यासिका काढल्या. चाळीच्या गॅलरीत दिव्याखाली बसून शिकलेली पिढी आज पगारदार होऊन डोंबिवली-बदलापूरला राहते. तिला कोणी गृहपाठ माफ केला नव्हता.

आजही परळ-लालबागच्या रात्रशाळांत दिवसा दुकानात, कुरिअरमध्ये, हॉटेलात राबणारी मुलं येतात. त्यांना घरी अभ्यासाला तासही नसतो. तिथे चांगला शिक्षक काय करतो? पहिली पाच मिनिटं तोंडी हिशेब, मग एक नवी कल्पना, मग समोर बसवून तीन गणितं, आणि घंटा होण्याआधी वहीवर नजर. म्हणजे रीत तीच, फक्त घरातली वर्गात आणलेली. दिवसाच्या शाळांना हे अशक्य आहे का? शाळा भरण्याआधी अर्धा तास एक वर्ग उघडा ठेवायला किती खर्च येतो?

अपेक्षा ठेवली तर काय होतं, याचा दाखलाही गिरगावाच्या वेशीवरच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला जाण्याआधी नाना चौकातल्या महापालिका शाळेत होतं. तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास महापालिका शाळांमधली आठवीची मुलं घेतली आणि दहावीपर्यंत त्यांच्यावर नेमाने मेहनत घेतली. झोपडपट्टीतली, चाळीतली मुलं. ज्यांच्याबद्दल लोक आधीच हात झटकून मोकळे झाले होते. पुस्तकी भाषेचा अडसर कुठे येतो ते शोधलं, तो दूर केला, आणि मुलांकडून काम करवून घेतलं. शालान्त परीक्षेत त्या मुलांनी चांगले गुण मिळवले. हे शहाणे लोक होते, संशोधक होते. त्यांना भाषा सोपी करावीशी वाटली, पण गणित कमी करावंसं वाटलं नाही.

"पुढे लागतं कुठे?" हे विचारणाऱ्यांना मी नायगावच्या पोलीस मैदानाकडे पाठवतो. भरतीसाठी पहाटे तिथे धावणाऱ्या पोरांना विचारा. मैदानी चाचणी निघाली की लेखी परीक्षेत अंकगणित उभं असतं. आयटीआयला, तंत्रनिकेतनाला, बँकेच्या परीक्षेला तेच. नोकरी नको? मग कर्ज घ्या. एक लाख रुपये, दहा टक्के 'फ्लॅट', तीन वर्षं. माणूस खूश होतो, फक्त दहा टक्के! हप्ता साधारण ३,६११ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. कमी होणाऱ्या शिलकीवर मोजलंत तर दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीला पुनर्विकासात ५०० चौरस फूट मिळतात. वाढ किती टक्के? २१२.५. हे शासनाने जाहीर केलं म्हणून सरळ आहे. खाजगी बिल्डर जेव्हा चटईक्षेत्र, कॉर्पस आणि भाड्याचे आकडे एकाच कागदावर गुंफून चाळीच्या सभेत ठेवतो, तेव्हा तो कागद वाचणारा एक तरी माणूस त्या मजल्यावर हवा की नको? दहावीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे. वर्गसमीकरण भेटणार नाही म्हणणाऱ्यांना हप्ता मात्र दर महिन्याला भेटतो.

मोबाइल आहे की! आहे. फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देतो. पण कुठलं गणित मांडायचं, हे त्याला कोण सांगणार? आणि आलेलं उत्तर वेडगळ आहे हे कोण ओळखणार? ज्याने स्वतः शेकडो गणितं चुकून दुरुस्त केली आहेत, तोच.

राहिला 'डोकं नसण्याचा' मुद्दा. काही मुलांना अध्ययन अक्षमता खरोखर असते. त्यांच्यासाठी शीव, नायरसारख्या रुग्णालयांत तपासणी आहे, आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची सवलत राज्य मंडळ फार पूर्वीपासून देत आलं आहे. ती असायलाच हवी. पण त्या मुलांच्या आड उभं राहून सगळ्या वर्गासाठी सुटी मागणं हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. आपण असा प्रयोग करूनही बघितला. काही वर्षं 'सामान्य गणित' नावाचा सोपा पर्याय होता. तो घेतला की विज्ञानाचा रस्ता बंद. २०१७-१८ पासून नववीला आणि पुढच्या वर्षी दहावीला तो गेला. त्याच २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेच्या सुनावणीत गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा झाली. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातून प्रस्ताव आला: गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा असेल की या विद्यार्थ्याला गणित-विज्ञानावर आधारलेल्या अभ्यासक्रमांना जाता येणार नाही.

तो शेरा नीट वाचा. ज्याला दया म्हणतात, ती मुलाच्या कागदावर शाईने लिहिलेली एक बंद वाट आहे, वयाच्या पंधराव्या वर्षी. आणि हा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर उमटणार? ज्याच्याकडे क्लास आहे, शिकवणी आहे, इंजिनिअर मामा आहे, त्याच्या? गणिताच्या तासाची रीत ढिली करणारा माणूस आणि पस्तीसचे वीस करणारा कागद एकच बोलतात: तुझ्याकडून आमची फारशी अपेक्षा नाही. श्रीमंत मुलाला हे वाक्य घरी कोणी ऐकवत नाही. गरीब मुलाला ते शाळेने ऐकवायचं आणि वर त्याला सहानुभूती म्हणायचं, हा निलाजरेपणा आहे. रोज पाच गणितं, तपासलेली वही, चुकीवर ठेवलेलं बोट आणि शनिवारची चाचणी ही शिक्षा नाही. परळच्या पोराला फुकट मिळणारी ही एकच शिकवणी आहे, आणि ती काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही पालकसभेला नाही.

शिक्षकांना यातून सोडतो असं समजू नका. पंचवीस गणितं देऊन एकही न तपासणारा, बाकावर उभं करणारा, अंतर्गत वीस गुणांची खिरापत वाटून वर्ष संपवणारा शिक्षक माझ्या बाजूचा नाही. शारीरिक शिक्षा करायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. साठ वह्या तपासायला वेळ लागतो हेही खरं. त्याच शिक्षकाला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं जातं, तेव्हा हात वर करायचा तो तिथे करा.

येत्या जूनच्या सभेत गणिताचे शिक्षक रीत सांगायला उभे राहतील, तेव्हा गणितं कमी करा म्हणू नका. तीनच प्रश्न विचारा: वह्या कोणत्या दिवशी तपासणार, शनिवारची चाचणी चुकली तर ती कधी घेणार, आणि घरी जागा नसलेल्या मुलांसाठी वर्ग किती वाजता उघडणार? उत्तरं लिहून घ्या, आणि दिवाळीनंतर जाऊन पुन्हा विचारा.